कुत्र्याच्या कानात थेंब घालण्याआधी एक स्लाइड पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात कुत्र्यांविषयी जी पत्रे छापून येतात ती बहुतेक चावे, रात्रीचे भुंकणे आणि किनाऱ्यावरचे कळप यांविषयी असतात. ते प्रश्न खरेच आहेत. मला मात्र घरी पाळलेल्या कुत्र्याच्या कानाविषयी आणि त्या कानात आपण न बघता ओततो त्या औषधांविषयी लिहायचे आहे. पत्र लांबणार आहे, पण अर्धवट सांगितले तर त्याचा कुणाला उपयोग होणार नाही.

मी माशेलला राहते. माझी सगळी नोकरी माणसांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीव विभागात झाली. थुंकी, लघवी, जखमेतला पू, घशातला स्वॅब, जे येईल ते काचपट्टीवर पसरायचे, रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली धरायचे, मग प्लेटवर वाढवून कोणते औषध त्याला मारते ते पाहायचे, हेच काम. निवृत्तीनंतर हात रिकामे राहवेनात म्हणून ओळखीच्या एका पशुवैद्यांकडे अधूनमधून स्लाइड पाहायला बसू लागले. तिथे सर्वांत जास्त काय येत असेल तर कुत्र्यांच्या कानातला मळ. आणि तो घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक मालक आधीच कसले ना कसले ड्रॉप्स घालून आलेला असतो.

गावात चिखलकाला, म्हणजे पावसाळ्यातला चिखलात खेळायचा उत्सव, झाला की पुढचे दोन-तीन महिने ही रांग लागते. गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत भिंती ओल्या, कपडे ओले, मग लॅब्रॅडॉरचा लोंबता कान कुठून वाळणार? त्यात कॉकर स्पॅनियल असेल तर कानात मेण तयार करणाऱ्या ग्रंथी इतर जातींपेक्षा जास्त. पूडल, शिह त्झू यांच्या नळीतच केस उगवतात. आमचा गावठी कुत्रा उभ्या कानांचा, त्याच्या कानात हवा खेळते, म्हणून त्याला हा त्रास कमी. अर्थात तोही पूर्ण सुटत नाही.

कुत्र्याच्या कानाची रचना आधी लक्षात घ्यावी. आपल्या कानाची नळी आखूड आणि बऱ्यापैकी सरळ. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते, मग जवळजवळ काटकोनात वळून पडद्याकडे जाते. जातीप्रमाणे एकूण लांबी पाच ते दहा सेंटीमीटर. बाहेरून आपल्याला दिसते ते फक्त वरचे तोंड. कापसाची काडी घालून 'कान साफ' करणारे मळ वळणापलीकडे ढकलतात, आणि तिथून तो आपणहून बाहेर येणे कठीण. निरोगी कानात कातडीच्या मेलेल्या पेशी आणि मेण हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असतात, ही निसर्गाची सफाई. सूज आली की ती बंद पडते आणि मळ साचत जातो.

आता त्या मळात काय असते ते सांगते, कारण सगळा मुद्दा त्यावरच आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसते ती मॅलसेझिया पॅकिडर्माटिस ही बुरशी, यीस्टच्या प्रकारातली. १९२५ मध्ये ती पहिल्यांदा एका गेंड्याच्या कातडीवर सापडली. कुत्र्याच्या अंगावर आणि कानात ती एरवीही थोडीबहुत असतेच. मायक्रोस्कोपखाली भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार, मध्ये आवळलेला. एकदा ओळखली की पुन्हा विसरत नाही. स्लाइडवर एखाद-दुसरी दिसली तर चिंता नाही. जिथे नजर जाईल तिथे दिसू लागली, कान लाल झाला, तपकिरी मेणचट मळ आला आणि आंबूस वास सुटला, की तिने ताबा घेतला असे समजावे. हिच्यावर क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, टर्बिनाफिन, पोसाकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधे चालतात. जेंटामायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही जंतूंवरची औषधे कितीही घाला, तिला काही होत नाही.

दुसरे म्हणजे गोल जंतू, पुंजक्यांनी दिसणारे स्टॅफिलोकोकस. माणसाच्या जखमेत मला जन्मभर ऑरियस दिसला. कुत्र्यात त्याचा भाऊबंद स्यूडइंटरमीडियस असतो. २००५ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. त्याआधीच्या कुत्र्यांच्या रिपोर्टांत 'इंटरमीडियस' लिहिलेले दिसेल, तो बहुधा हाच. पिवळसर स्राव, सुजलेला कान. याच्यावर जंतुनाशक औषध लागते, आणि नुसत्या बुरशीच्या औषधाच्या भरवशावर राहून चालत नाही. कधीकधी दोघे एकाच स्लाइडवर एकत्र नांदताना दिसतात, तेव्हा दोन्ही औषधे लागतात.

तिसरे मला सर्वांत नकोसे वाटणारे: दंडाकार जंतू. स्यूडोमोनास एरुजिनोसा, प्रोटियस मिराबिलिस, कधी ई. कोलाय. स्लाइडवर दंड दिसले, भोवती पू-पेशींची गर्दी दिसली, की मी डॉक्टरांना आतून बोलावून घेते. अशा कानात जखमा असतात. कुत्रा हात लावू देत नाही. हिरवट-पिवळा पू येतो आणि त्याचा वास खोलीभर पसरतो. स्यूडोमोनास पाण्यात, ओल्या मातीत, न वाळलेल्या स्पंजात सहज राहतो. त्याच्या बाहेरच्या आवरणामुळे पुष्कळ औषधे त्याच्या आत शिरतच नाहीत, आणि जी शिरतात ती तो परत बाहेर फेकतो. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिन किंवा सेफॅलेक्सिनच्या गोळ्या कुत्र्याला चारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की या जंतूवर त्या दोन्ही निकामी आहेत. शिवाय तो स्वतःभोवती चिकट थर विणतो आणि त्या थराखाली औषधापासून लपून बसतो.

आणि चौथा प्रकार जंतूंचा नव्हेच: ओटोडेक्टीस नावाची कानातली किडी. पिल्लांत आणि मांजरांत जास्त. मळ काळसर, कोरडा, दाणेदार. स्लाइडवर तेलाच्या थेंबात ठेवले तर कमी भिंगाखालीही तिचे पाय हलताना दिसतात. तिचे जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांचे. घरात एकाला असेल तर दुसऱ्या कुत्र्याला आणि मांजरालाही उपचार करावा लागतो. नाहीतर मांजर पुन्हा कुत्र्याला देते. सेलॅमेक्टिनसारखे मानेवर लावायचे औषध किंवा गोचिडांसाठी डॉक्टर हल्ली देतात त्या चघळण्याच्या गोळ्या तिच्यावर लागू पडतात. आयव्हरमेक्टिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून कुत्र्याला टोचून घेऊ नका. कॉली आणि तिच्या जवळच्या जातींत एका जनुकातील दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि कुत्रा दगावू शकतो.

म्हणजे कान तोच, खाज तीच, डोके झटकणे तेच, आणि कारणे चार. प्रत्येकाचे औषध निराळे. वासावरून आणि रंगावरून अंदाज बांधता येतो, पण मी इतकी वर्षे जंतू पाहूनही वासावर रिपोर्ट देणार नाही. स्लाइड करायला लागते काय? कापसाची काडी कानात हलकेच फिरवायची, काचेवर लाटायची, रंगाच्या बाटल्यांत बुडवायची, धुवायची, वाळवायची, तेलाचा थेंब टाकून हजारपट भिंगाखाली पाहायची. पाच-सात मिनिटे. एवढ्यात बुरशी, गोल जंतू की दंड हे कळते, आणि उपचाराचा निम्मा निर्णय होतो.

प्रत्यक्षात आपल्याकडे काय घडते? माणूस फार्मसीत जातो, "सुण्याच्या कानाक घालपाचें वखद दी" म्हणतो आणि काउंटरवरचा मुलगा माणसांच्या कानाचे ड्रॉप्स काढून देतो. चिठ्ठी कुणी विचारत नाही. त्या बाटलीत बहुधा क्लोरॅम्फेनिकॉल, क्लोट्रिमॅझोल, बेक्लोमेथासोन आणि लिग्नोकेन असे चौघे एकत्र असतात. नाहीतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन. यांतले बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड्स. स्टेरॉइड उगाच घातलेले नसते, त्याची खरी गरज असते. सुजलेली नळी उघडल्याशिवाय औषध आत जातच नाही, म्हणून पशुवैद्यही ते देतात, जास्त सूज असेल तर काही दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही देतात. पण स्टेरॉइड दोन दिवसांत खाज आणि लाली उतरवते. कुत्रा डोके झटकायचा थांबतो, घरच्यांना वाटते बरा झाला, बाटली फ्रिजमध्ये जाते. जंतू मेलेले नसतात. जे औषधाने मरायचे ते मेले, जे टिकायचे ते टिकले, आणि आठ-पंधरा दिवसांत तेच पुन्हा वाढतात. मग तीच अर्धी बाटली बाहेर येते.

आमच्या वाड्यावरचा ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर मी असा पाहिला. घरची माणसे कुत्र्यावर जीव टाकणारी. त्याला ताजे नुस्ते (मासे) आधी, मग घरच्यांना. एका पावसाळ्यात त्याच्या एकाच कानात तीन वेगवेगळ्या बाटल्या झाल्या, एक फार्मसीतून, एक नातेवाइकाने दिलेली, एक मागच्या वर्षीची उरलेली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे. कुणीतरी लसूण घालून कोमट केलेले खोबरेलही घातले. तेल आत साचून राहते, मळ आणखी चिकट होतो आणि डॉक्टरांना आतले काही दिसत नाही. त्याला आमच्याकडे आणले तेव्हा स्लाइडवर एकही बुरशी नव्हती. नुसते दंड आणि पू-पेशी.

तो स्वॅब कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहायला, गेला. प्लेटवर हिरवट झाक, मॅककॉन्की या माध्यमावर जंतूंच्या रंगहीन वसाहती, ऑक्सिडेज चाचणी लावताच जांभळे, आणि झाकण उघडताच द्राक्षांचा तो ओळखीचा गोडसर वास. स्यूडोमोनास. रिपोर्टात औषधांपुढे 'आर'ची रांग होती, म्हणजे ही औषधे चालत नाहीत. इथे एक गोष्ट मालकांना सांगितलीच पाहिजे, कारण असा रिपोर्ट हातात पडला की लोकांचा धीर सुटतो. त्या रिपोर्टातले 'चालते' आणि 'चालत नाही' हे औषध गोळीने किंवा इंजेक्शनने दिल्यावर रक्तात जेवढे पोहोचते त्या हिशेबाने ठरवलेले असते. थेंबांतून कानात पडणारे औषध त्याच्या कितीतरी पट तीव्र असते. म्हणून 'आर' असूनही कधीकधी तेच औषध कानात काम करते. हा निर्णय डॉक्टरांचा. रिपोर्ट वाचून घरी घ्यायचा नव्हे.

ब्रुनोच्या कानात आधी ट्रिस-ईडीटीए घालून धुणे सुरू झाले. हे द्रावण जंतूच्या बाहेरच्या आवरणातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेते, आवरण सैल पडते आणि मागून घातलेले औषध आत शिरते. म्हणून ते औषधाच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी घालतात. धुणे यासाठीही लागते, की पॉलिमिक्सिनसारखे चांगले औषध पुवात निष्प्रभ होते, आधी पू काढावा लागतो. ते लोक नेमाने करत राहिले आणि जंतू गेले. पण तोवर नळीची कातडी जाड होऊन आतून आवळली होती आणि कूर्चा कडक होऊ लागली होती. आता त्याला दर पावसाळ्यात कान सांभाळावा लागतो, आणि पुढे नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया लागेल असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. पहिल्या आठवड्यात एक स्लाइड झाली असती, तर हे वर्ष त्या मुक्या जिवाच्या वाट्याला आले नसते असे मला प्रामाणिकपणे वाटते.

थेंबांच्या मापाबद्दलही सांगते. माणसाच्या कानात दोन-तीन थेंब सांगतात, म्हणून लोक लॅब्रॅडॉरच्या कानातही दोनच थेंब टाकतात. ते वरच्या केसांवरच राहतात, वळणापर्यंतही पोहोचत नाहीत. मोठ्या कुत्र्याच्या एका कानाला साधारण एक मिलिलिटर औषध लागू शकते, म्हणजे वीसेक थेंब. किती घालायचे ते डॉक्टरांकडून मापाने विचारून घ्यावे, सिरिंजवर खूण करून घ्यावी. घातल्यावर कानाच्या बुडाशी बाहेरून हलकेच चोळावे. आत पचपच असा आवाज आला की औषध खाली गेले. मग कुत्र्याला डोके झटकू द्यावे आणि बाहेर आलेले कापसाने टिपून घ्यावे. बुरशीचा साधा संसर्गही बरा व्हायला दोन ते चार आठवडे जातात, स्यूडोमोनासला आणखी जास्त. औषध कधी थांबवायचे हे खाज थांबण्यावरून ठरत नाही. पुन्हा स्लाइड करावी, ती स्वच्छ आली की थांबवावे. पहिल्या स्लाइडला आलेले लोक दुसऱ्या स्लाइडला येत नाहीत, ही आमच्या डॉक्टरांची नेहमीची खंत आहे.

कानाच्या पडद्याचा प्रश्न आणखी गंभीर. जुन्या संसर्गात पडदा फाटलेला असू शकतो, बाहेरून ते कळत नाही. अशा कानात जेंटामायसिन, निओमायसिन किंवा तीव्र क्लोरहेक्सिडिन आतल्या कानापर्यंत गेले तर ऐकू येणे जाऊ शकते, तोल जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ऑटोस्कोपने आत पाहून मगच औषध निवडतात, आणि मळामुळे पडदा दिसत नसेल तर आधी कान धुऊन घेतात. फार्मसीच्या काउंटरवर हे कोण पाहणार? कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, कानात अळ्या दिसल्या तर पेट्रोल किंवा टर्पेंटाइन. कृपा करून हे करू नका. फुटलेल्या कातडीवर त्याची आग किती होत असेल! अळ्या चिमट्याने काढाव्या लागतात, ते काम दवाखान्यातच व्हावे.

बुरशी आणि जंतू हे बहुधा मूळ कारण नसतातच. कान ही आत वळलेली कातडीच. ज्या कुत्र्याचा कान पुन्हापुन्हा बिघडतो, जो पंजे चाटत बसतो, ज्याचे पोट आणि काखा लाल असतात, त्याला बहुधा अ‍ॅलर्जी असते. घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक हे त्याचे मोठे कारण, आणि आपल्या दमट हवेत, ओलसर गाद्यांत ते चांगले फोफावतात. काहींना अन्नाची अ‍ॅलर्जी असते. कुत्र्यांत बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची जास्त आढळते. ती शोधायला साधारण आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले अन्न द्यावे लागते, आणि त्या काळात पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) एक पोळीचा तुकडासुद्धा नाही. हे आपल्या घरांत फार अवघड, मला माहीत आहे. आजीच्या हातून काहीतरी जातेच. थायरॉइड कमी असणे, कानात गेलेले गवताचे कुसळ, गोचीड, हीही कारणे असतात. मूळ कारण तसेच ठेवून दर वेळी कान बरा करत राहिले, तर एक दिवस तो बरा होत नाही.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही हे पत्र शेवटपर्यंत वाचावे. कुत्र्याच्या कानात जी औषधे जातात ती आपलीच आहेत. एन्रोफ्लॉक्सॅसिन प्राण्यांचे म्हणून विकले जाते, पण कुत्र्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येच बदलतो. पॉलिमिक्सिन बी हे कोलिस्टिनचे सख्खे भावंड. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला जेव्हा दुसरे काहीही चालत नाही तेव्हा ज्या थोड्या औषधांकडे डॉक्टर वळतात, त्यांत ही दोन येतात. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली ती याच भीतीने. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्यूडइंटरमीडियस आता जगभर कुत्र्यांत आढळतो आणि तो अधूनमधून माणसाच्या अंगावरही येतो. कुत्रा आपल्या खाटेवर झोपतो, मुले त्याच्या कानाला गाल लावतात. प्रयोगशाळेत असताना वर्षानुवर्षे मी एकामागून एक औषधापुढे 'आर' लिहिलेले आहे. ज्या औषधांच्या नावापुढे मी पहिल्या वर्षांत डोळे मिटून 'चालते' लिहीत असे, ती शेवटच्या वर्षांत चालेनाशी झाली होती. ते पाहिलेल्या माणसाला अर्ध्या बाटल्यांचा हा खेळ बघवत नाही.

कायदा आहे. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे तो सांगतो. २०१४ पासून एच-वन या यादीतल्या औषधांची विक्री दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहायची असते. कानाचे ड्रॉप्स लहान बाटलीतले, स्वस्त आणि 'फक्त बाहेरून वापरायचे', म्हणून कुणी त्यांना प्रतिजैविक समजतच नाही. अन्न आणि औषध प्रशासनाने फार्मसींना निदान एवढे कळवावे, की कुत्र्यासाठी मागितलेले ड्रॉप्सही पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच द्यावेत.

पशुसंवर्धन खात्याला माझी मागणी साधी आहे. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जिथे मायक्रोस्कोप असेल तिथे तो कानाच्या स्लाइडसाठी रोज वापरात यावा; नसेल तिथे तो आणि रंगाचे किट द्यावे. हा खर्च मोठा नाही. स्लाइड वाचायला डॉक्टरांनाच बसायला हवे असेही नाही. सहायकाला थोड्या दिवसांत शिकवता येते. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ गोव्यात पुष्कळ आहेत, आम्ही शिकवायला आनंदाने येऊ. बाणस्तारीच्या बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले लोक येतात, तेव्हा एखादे शिबिर ठेवले तरी चालेल. हे अशक्य म्हणू नका. याच गोव्याने गावोगाव फिरून कुत्र्यांना रेबीजची लस दिली आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होणारे पहिले राज्य होण्याचा मान मिळवला. ज्या यंत्रणेने रस्त्यावरच्या कुत्र्याला धरून लस टोचली, तिला घरच्या कुत्र्याचा कान पाहणे जड जाऊ नये. लसीकरणाला कुत्रा हातात आलेलाच असतो. तेव्हाच कान उलटून पाहिला, वास घेतला, तर कित्येक त्रास सुरुवातीलाच सापडतील.

मालकांना सांगायचे ते असे. कुत्र्याला नदीवर किंवा मिरामारच्या समुद्रावर पोहायला नेले, अंघोळ घातली, पावसात भिजला, की कानाचे तोंड कोरड्या फडक्याने टिपा. काडी घालू नका. कान ठीक असेल तर रोज धुऊ नका, उगाच धुतलेला कानही ओला राहतो. आठवड्यातून एकदा कान उलटून पाहा आणि हुंगा. लाली, वास किंवा मळ दिसला तर डॉक्टरकडे नेण्याआधी कानात काहीही घालू नका, साफही करू नका, कारण स्लाइडला तोच मळ लागतो. आणि तिथे गेल्यावर 'डॉक्टर, स्लाइड करता का?' असे विचारायला संकोचू नका. डॉक्टरांनी फक्त वरून पाहून बाटली दिली तर पुन्हा विचारा. तो आपला हक्क आहे.

कानाची पाळी फुगून मऊ लागली तर डोके झटकून आत रक्त साचलेले असते, ते घरी सुईने काढू नका. आणि मान एका बाजूला कललेली दिसली, कुत्रा गोल फिरू लागला, एका बाजूला पडू लागला, डोळे आपोआप हलू लागले किंवा ओठ एकीकडे ओघळला, तर संसर्ग मधल्या किंवा आतल्या कानात गेलेला असू शकतो. तेव्हा उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचे.

हे पत्र चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी छापता आले तर बरे होईल. चवथीला माणसे मूळ घरी जातात, कुत्रे शेजाऱ्यांवर सोपवलेली असतात आणि पुष्कळ दवाखाने चार-पाच दिवस बंद राहतात. कान दाखवायचा असेल तर त्याआधीच दाखवून घ्यावा लागेल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
माशेल, फोंडा – गोवा